बालकांना उद्देशून केलेली जाहिरात

बालकांना उद्देशून केलेली जाहिरात : एखादी वस्तू, सेवा वा नाममुद्रा यांविषयी मुलांच्या मनात ओढ निर्माण व्हावी आणि त्या ओढीपोटी ती वस्तू मुलांनी स्वतः विकत घ्यावी किंवा पालकांना घ्यावयास लावावी, या हेतूने केलेले व्यापारी आवाहन. मुलांच्या उपयोगाच्या वस्तूंची प्रत्येक जाहिरात या प्रकारात मोडत नाही. तसेच ज्या जाहिरातीत मूल दिसते ती मुलांसाठीच असते, असेही नाही. हे भेद ध्यानात न घेतल्यामुळे या विषयाच्या चर्चेत नेहमी घोटाळा होतो. यातील नैतिक प्रश्न मुख्यतः एकच आहे : समोरचा आपले मन वळवू पाहत आहे, हेच ज्याला अद्याप उमगत नाही, त्याचे मन वळविण्याचा अधिकार व्यापाऱ्यास आहे काय? मुंबई हे देशातील जाहिरात-व्यवसायाचे प्रमुख केंद्र असल्यामुळे या प्रश्नाचा भारतीय इतिहास बव्हंशी महाराष्ट्रात घडला. तो पाहता असे दिसते, की कायद्याने आणि व्यवसायाने या मूळ प्रश्नास फार उशिरा हात घातला. तोवर जाहिरातीतील विधान खरे की खोटे आणि तिच्यामुळे मुलाच्या जिवास धोका आहे की नाही, एवढ्याच दोन कसोट्या पुरेशा मानल्या गेल्या.

मराठी वृत्तपत्रांतील मुलांविषयीच्या जुन्या जाहिराती पालकांसाठी, त्यांतही आईसाठी असत. के. टी. डोंगरे यांचे बालामृत हे याचे सर्वपरिचित उदाहरण. गुटगुटीत मुलाचे चित्र आणि ‘बाळसे’ हा शब्द यांच्या बळावर अशी पौष्टिके घरोघर पोहोचली. मुंबईत गिरगावात १९०५ साली स्थापन झालेली बी. दत्ताराम आणि कंपनी ही भारतातील आद्य जाहिरात-संस्थांपैकी एक होय. तिच्या उदयानंतर हा व्यवसाय हळूहळू संघटित होत गेला. तथापि मूल हे चित्रात आणि ग्राहक चित्राबाहेर, ही व्यवस्था दीर्घकाळ टिकली. मुंबईच्या जाहिरातफलकांवर १९६६ पासून झळकू लागलेली अमूलची मुलगी किंवा पार्ले-जीच्या वेष्टनावरील मुलगी यांचे आवाहनही प्रामुख्याने मोठ्यांनाच आहे. बेबीफूडच्या जाहिराती याच परंपरेतल्या. डब्यावरील गुबगुबीत अर्भकाच्या चित्राने स्तनपानाविषयी आईच्या मनात न्यूनभाव निर्माण होतो, या आक्षेपावरून जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये आंतरराष्ट्रीय संहिता स्वीकारली. भारताने १९८३ मध्ये राष्ट्रीय संहिता व १९९२ मध्ये कायदा केला. त्यानुसार अर्भकांच्या दुग्धपर्यायी पदार्थांच्या जाहिरातीवर सरसकट बंदी आली आणि कायदाभंगाची तक्रार न्यायालयात दाखल करण्याचा अधिकार ज्या स्वयंसेवी संस्थांना मिळाला, त्यांत मुंबईची ‘ॲकॅश’ ही ग्राहक-आरोग्य संघटना होती. विधान खरे असो वा खोटे, जाहिरातच नको, अशी भूमिका भारतीय कायद्याने येथे घेतली. पण संरक्षण मिळाले ते आईच्या निर्णयाला. थोडी मोठी झालेली, स्वतः चित्र पाहणारी आणि वस्तू मागणारी मुले या कायद्याच्या कक्षेत नव्हती.

मुलांशी थेट बोलण्याची सोय व्यापाऱ्यांना प्रथम नियतकालिकांनी करून दिली. मराठीत बालबोधमेवा (१८७३) आणि वासुदेव गोविंद आपटे यांचे आनंद (१९०६) यांसारखी मासिके उपदेश व मनोरंजन यांसाठी निघाली. चांदोबा १९५२ पासून मराठीत येऊ लागला. मुंबईहून इंद्रजाल कॉमिक्स १९६४ मध्ये सुरू झाले, तेव्हा मात्र परिस्थितीत मूलभूत बदल झाला. दरम्यान गोळ्या-बिस्किटांचा देशी कारखानदारी व्यवसाय स्थिरावला होता. विलेपार्ले येथील पार्लेचा कारखाना १९२९ साली निघाला आणि १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तेथे बिस्किटे बनू लागली. मालेगावजवळ वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या रावळगाव शुगर फार्मने साखरेच्या जोडीला गोळ्यांचे उत्पादन हाती घेतले. या मालाचे गिऱ्हाईक पाच-दहा पैसे हाती असलेले मूल होते आणि त्याच्यापर्यंत पोहोचण्यास चित्रकथेसारखे दुसरे साधन नव्हते. पार्लेच्या पॉपिन्स गोळ्यांसाठी ‘राम और श्याम’ या जोडगोळीच्या आणि कॅडबरीच्या जेम्ससाठी ‘जेम्स बाँड’ या नायकाच्या चित्रकथा-जाहिराती निघाल्या. त्यांतही चौकटी, संवादाचे फुगे, खलनायक आणि शेवटी त्याची फजिती असे. फरक एवढाच, की फजिती घडून येई ती गोळ्यांच्या साह्याने. वेताळाची कथा संपवून पान उलटणाऱ्या आठ वर्षांच्या वाचकास आपण कथेतून जाहिरातीत आलो, हे कळण्याची कोणतीही खूण त्या पानावर नसे. अशा जाहिराती आज गोड आठवणींचा विषय झाल्या आहेत आणि त्यांतील चित्रकारांचे कसब खरोखरच वाखाणण्याजोगे होते. तथापि मजकूर आणि जाहिरात यांच्यातील सीमारेषा पुसण्याचा जो आक्षेप पुढे दूरचित्रवाणीवर व नंतर भ्रमणध्वनीवरील खेळांवर घेण्यात आला, तो या पानांनाही तितकाच लागू पडतो.

खाऊबरोबर काहीतरी फुकट देण्याची युक्ती याच काळात रुळली. बिनाका टूथपेस्टच्या खोक्यात प्लॅस्टिकचे चिमुकले प्राणी निघत, आणि त्यांचा संच पुरा व्हावा म्हणून घरात टूथपेस्ट कोणती यावी हे मुले ठरवू लागली. येथे वस्तूची ओढ नसून संग्रहाची होती. दात घासण्याशी तिचा संबंध नव्हता. याच संग्रहवृत्तीचे जुने आणि निरुपद्रवी वाटणारे रूप म्हणजे काडेपेट्यांचे छाप जमविणे. कल्याण-कर्जत लोहमार्गावरील अंबरनाथ येथे वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीचा (विमको) कारखाना १९२०–३० च्या दशकात सुरू झाला. काडेपेटीवरचे छाप हे निरक्षर गिऱ्हाइकास माल ओळखता यावा यासाठी असत; पण ते रस्त्यावरून वेचून वहीत चिकटविणारी आणि पत्त्यांप्रमाणे खेळात पणाला लावणारी मुले त्यांची खरी चाहती ठरली. कारखानदाराने मुलांना उद्देशून काहीही केलेले नसताना मुलांनी जाहिरात आपलीशी केल्याचे हे उदाहरण आहे. ‘उद्देशून’ या शब्दाची मर्यादा त्यावरून लक्षात येते : जाहिरातदाराचा हेतू तपासून प्रश्न सुटत नाही, ती प्रत्यक्षात कोणाच्या हाती पडते हेही पाहावे लागते.

आकाशवाणीच्या विविध भारतीवर १ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई-पुणे-नागपूर या केंद्रांवरून जाहिरातींचे प्रसारण सुरू झाले. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी निघाले आणि दूरदर्शनवर १ जानेवारी १९७६ पासून जाहिराती येऊ लागल्या. शासकीय माध्यमावर जाहिराती घेताना आचारसंहिता करणे क्रमप्राप्त होते, आणि तिच्यातील मुलांविषयीची कलमे आजही वाचण्यासारखी आहेत. वस्तू विकत न घेतल्यास किंवा इतरांना घ्यावयास न लावल्यास आपण कर्तव्यात चुकलो अथवा कोणाशी तरी बेइमान झालो, असे मुलांस वाटावयास लावणारी जाहिरात स्वीकारू नये, असे या संहितेत म्हटले आहे. वस्तू जवळ नसल्यास आपण इतर मुलांपेक्षा कमी आहोत किंवा आपली टिंगल होईल, अशी भावना निर्माण करणारी जाहिरातही तिने वर्ज्य ठरविली. रस्त्याच्या मधोमध खेळणारी, खिडकीतून धोकादायक रीतीने वाकणारी वा काडेपेटीशी खेळणारी मुले दाखवू नयेत, हीही सूचना तीत आहे. यांपैकी धोक्याविषयीची कलमे पाळणे सोपे होते, कारण त्यांचा भंग डोळ्यांना दिसतो. न्यूनभावाविषयीचे कलम मात्र जवळजवळ कागदावरच राहिले. वर्गात पहिला येणारा, मैदानावर जिंकणारा, मित्रांत मिरवणारा मुलगा आणि त्याच्या हातातील पेला यांची सांगड घालणाऱ्या जाहिरातीत ‘तू कमी आहेस’ असे शब्द कोठेही नसतात. ते पाहणाऱ्याच्या मनात उमटतात. शब्द तपासणाऱ्या अधिकाऱ्यास ते सापडणार कसे?

मुलांच्या आकलनाविषयीचे मानसशास्त्रीय संशोधन याच सुमारास पश्चिमेत होऊ लागले होते. त्याचा सारांश असा : साधारणपणे चार-पाच वर्षांचे मूल कार्यक्रम आणि जाहिरात यांतील बाह्य फरक ओळखू लागते, पण जाहिरातीमागे विकण्याचा हेतू आहे, हे त्याला सात-आठ वर्षांपर्यंत नीटसे कळत नाही, आणि कळल्यावरही त्या ज्ञानाचा ऐन वेळी उपयोग करण्याची सवय बरीच उशिरा लागते. अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेच्या कृतिगटाने २००४ मध्ये आठ वर्षांखालील मुलांबाबत हाच निष्कर्ष मांडला. या ज्ञानावरून देशोदेशी वेगवेगळे निर्णय झाले. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने १९७८ मध्ये लहान मुलांना उद्देशून केलेल्या दूरचित्रवाणी जाहिरातींवर बंदी सुचविली. उद्योगांच्या तीव्र विरोधानंतर तेथील विधिमंडळाने आयोगाचे अधिकार आकुंचित केले आणि १९८१ मध्ये प्रस्ताव बारगळला. कॅनडातील क्वेबेक प्रांताने १९८० पासून १३ वर्षांखालील मुलांना उद्देशून जाहिरात करण्यास मनाई केली. एका खेळणी-कंपनीने तीस आव्हान दिले असता कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये, अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा संकोच मान्य करूनही, ही मनाई वैध ठरविली. स्वीडनने १९९१ मध्ये १२ वर्षांखालील मुलांसाठीच्या दूरचित्रवाणी जाहिराती बंद केल्या. तेथे प्रश्न विधानाच्या सत्यतेचा नव्हता. ऐकणाऱ्याच्या वयाचा होता.

भारतात ही दृष्टी रुजली नाही याचे एक कारण असे, की मुलाचा निर्णय अखेर पालकाच्या खिशातून जातो आणि पालक प्रौढ असतो, असा युक्तिवाद येथे सहज पटे. राजहट्ट व स्त्रीहट्ट यांच्या पंक्तीस बालहट्ट बसविणाऱ्या समाजास त्यातील उणीव खरे तर लगेच दिसावयास हवी होती. मुलाच्या हट्टाला नकार देणे ही फुकट गोष्ट नाही. तिची किंमत घरात, बहुधा आईला, रोज मोजावी लागते, आणि मिळकत जितकी तुटपुंजी तितकी ती जड असते. जाहिरातदार मुलास हट्ट शिकवितो व नकार देण्याचे काम पालकावर टाकतो, हा आक्षेप म्हणूनच निव्वळ भावनिक नाही. नमिता उन्नीकृष्णन आणि शैलजा बाजपेयी यांनी दिल्लीतील मुलांचा अभ्यास करून १९९६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. दूरचित्रवाणीवरील जाहिरातींचा भारतीय मुलांवरील परिणाम तपासणारा हा महत्त्वाचा आरंभीचा प्रयत्न होय. जी वस्तू विकत घेणे शक्य नाही तिचीही जाहिरात गरीब घरांतील मुले पाहत असतात, हे वास्तव त्यामुळे चर्चेत आले.

यानंतर लगेचच शक्तिमान या मालिकेचे प्रकरण घडले. दूरदर्शनवर १३ सप्टेंबर १९९७ पासून दाखविण्यात आलेली ही मालिका मुलांत विलक्षण लोकप्रिय झाली आणि पार्ले-जी बिस्किटांच्या पुरस्कर्तृत्वाशी तिचे नाव जोडले गेले. काही मुलांनी शक्तिमान वाचवावयास येईल या विश्वासाने उंचावरून उड्या घेतल्याच्या वा स्वतःस जाळून घेतल्याच्या बातम्या वृत्तपत्रांतून आल्या. मालिकाकर्त्यांनी त्यांचा मालिकेशी असलेला संबंध नाकारला. मात्र नायकाच्या तोंडून मुलांना अशी साहसे न करण्याचे आवाहन करण्यात आले. या बातम्यांतील कार्यकारणभाव सिद्ध झाला असे म्हणता येत नाही आणि पुरस्कर्त्या उत्पादकावर तर त्यांचा दोष येतच नाही. प्रकरणाचे महत्त्व वेगळे आहे. पडद्यावरील व्यक्ती आपणास खरोखर ओळखते आणि आपल्या हाकेस ओ देईल, असे मानणारा फार मोठा प्रेक्षकवर्ग समोर आहे, हे त्या वादात सर्वांनीच, मालिकेच्या पाठीराख्यांनीदेखील, गृहीत धरले होते. सावधानतेची सूचना देण्याचे प्रयोजनच ते होते. असे असता तोच प्रेक्षक जाहिरातीपुरता मात्र सावध, व्यवहारी ग्राहक होतो, असे मानणे तर्काला धरून नव्हते. सार्वजनिक चर्चा या टोकापर्यंत गेली नाही. ती अपघातांवरच थांबली.

जाहिरात-व्यवसायाने स्वयंनियमनासाठी १९८५ साली मुंबईत भारतीय जाहिरात मानक परिषद (ॲस्की) स्थापन केली. अल्पवयीनांस शारीरिक, मानसिक वा नैतिक हानी पोहोचविणारा आणि त्यांच्या असुरक्षिततेचा गैरफायदा घेणारा मजकूर तिच्या संहितेने निषिद्ध मानला. ही संहिता प्रथम ऐच्छिक होती; केबल दूरचित्रवाणी नियमांतील २००६ च्या दुरुस्तीने दूरचित्रवाणीपुरते तिला कायद्याचे पाठबळ मिळाले. काही बहुराष्ट्रीय खाद्य व पेय कंपन्यांनी २०१० मध्ये १२ वर्षांखालील मुलांना उद्देशून ठरावीक प्रकारच्या जाहिराती न करण्याचे अभिवचन दिले. स्वयंनियमनाने उघड गैरप्रकार कमी केले हे मान्य केले पाहिजे, परंतु परिषदेचे काम मुख्यतः दाव्यांच्या पुराव्याभोवती फिरत राहिले. दक्षिण आशियातील प्रेक्षकांसाठी तयार केलेली हॉर्लिक्सची एक जाहिरात २००८ मध्ये एका नेपाळी वाहिनीमार्फत ब्रिटनमध्ये दिसली, तेव्हा मुले उंच, बळकट व तल्लख होतात हा तिच्यातील दावा तेथील जाहिरात-नियामकाने अग्राह्य ठरविला. तशाच आशयाच्या जाहिराती भारतात वर्षानुवर्षे चालत होत्या.

बोर्नव्हिटाचा इतिहास या दृष्टीने अधिक बोधक आहे, कारण त्यात शाळा येते. बोर्नव्हिटा प्रश्नमंजूषा १९७२ मध्ये सुरू झाली. हमीद सयानी व त्यांच्यानंतर अमीन सयानी यांच्या निवेदनाने ती रेडिओवर गाजली आणि १९९० नंतरच्या दशकात दूरचित्रवाणीवर आली. शाळांचे संघ तीत उतरत. तिने मुलांत सामान्यज्ञानाची गोडी निर्माण केली हे नाकारण्याचे कारण नाही. एका पिढीच्या दृष्टीने तो उत्तम कार्यक्रम होता, आणि जाहिरात म्हणूनही तो उत्तम होता. पेय आणि बुद्धिमत्ता यांचे नाते त्यात कोणी विधान म्हणून मांडले नाही, म्हणून ते खोडताही येत नव्हते. एप्रिल २०२३ मध्ये या चूर्णातील साखरेच्या प्रमाणावर टीका करणारी एक चित्रफीत समाजमाध्यमांवर पसरली. उत्पादकाच्या कायदेशीर नोटिशीनंतर ती मागे घेण्यात आली, परंतु त्यानंतर राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने दखल घेऊन दिशाभूल करणारी वेष्टने व जाहिराती मागे घेण्यास उत्पादकास सांगितले. पुढे उत्पादनातील अतिरिक्त साखर सुमारे १४ टक्क्यांनी घटविण्यात आली. ‘आरोग्य पेय’ अशी व्याख्याच २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात नाही, या आधारावर केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना बोर्नव्हिटासह अशी पेये त्या वर्गातून काढण्याची सूचना केली. वाद साखरेचा आणि शब्दाचा झाला. प्रश्नमंजूषेने निर्माण केलेल्या नात्याविषयी कायद्यास तेव्हाही काही म्हणता आले नाही.

दरम्यान नियमांची दिशा पालटू लागली होती. महाराष्ट्र शासनाने मे २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून अतिरिक्त मेद, मीठ व साखर असलेले पदार्थ विकण्यास मनाई केली. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या विनियमांनी अशा पदार्थांची विक्री व जाहिरात शाळेच्या आवारात आणि प्रवेशद्वारापासून ५० मी. अंतरापर्यंत वर्ज्य ठरविली. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये स्थापन झालेल्या केंद्रीय प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. मुलांचा अननुभव, विश्वास वा निष्ठा यांचा लाभ उठवू नये; वस्तू घेण्याचे वा पालकांच्या मागे लागण्याचे थेट आवाहन करू नये; अनावश्यक खरेदीस प्रवृत्त करणाऱ्या भेटवस्तू देऊ नयेत; मुलांसाठीच्या वाहिन्यांवर आणि कार्यक्रमांत जंक फूड, चिप्स व कार्बोनेटेड पेये यांच्या जाहिराती करू नयेत, असे त्यांत म्हटले आहे. बालहट्टाचा व्यापारी वापर आणि बिनाकाच्या प्राण्यांची युक्ती ही दोन्ही अशा रीतीने चार-पाच दशकांनी नियमात नोंदली गेली.

नियमांची कसोटी शाळेच्या दाराशी लागते. मुंबईपासून लोहमार्गाने ६८ किमी. अंतरावरील बदलापूरच्या पूर्व भागातील कात्रपसारख्या, मूळ गावठाणाभोवती गृहसंकुले दाटीने वाढलेल्या वस्तीत शाळा, किराणा दुकान, झेरॉक्स-वह्यांचे दुकान आणि टपरी एकमेकांस लागून असतात, ५० मी. मोकळे सोडून दुकाने वसविण्याइतकी जागाच अशा उपनगरांत नसते. दुकानाच्या दर्शनी भागी पाच-पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा टांगलेल्या असतात. २०१९ च्या अधिनियमातील ‘जाहिरात’ या संज्ञेत लेबल आणि वेष्टन यांचाही समावेश आहे, म्हणजे कार्टूनचे चित्र छापलेली ती माळ कायद्याच्या अर्थाने जाहिरातच ठरते. पण ती काढावयास लावणे म्हणजे मोठ्या उत्पादकाऐवजी टपरीवाल्यास जाब विचारणे होय. अन्न निरीक्षकास ते सोपे असले, तरी त्यात न्याय कितपत आहे, हा प्रश्न उरतो.

वयाच्याच निकषावर सरसकट मनाई करणारी तरतूद भारतात प्रथम आली, ती खाद्यपदार्थांच्या किंवा प्रसारणाच्या कायद्यात नव्हे. वैयक्तिक अंकीय विदा संरक्षण अधिनियम, २०२३ याच्या नवव्या कलमानुसार १८ वर्षांखालील मुलांच्या वर्तनाचा मागोवा घेणे आणि त्यांना लक्ष्य करून जाहिरात दाखविणे यांस मनाई आहे. वस्तू कोणती किंवा तिच्याविषयीचे विधान खरे की खोटे, हे तेथे विचारले जात नाही. क्वेबेक व स्वीडन यांनी चार आणि तीन दशकांपूर्वी घेतलेल्या भूमिकेच्या ही तरतूद बरीच जवळ आहे. तिच्या अंमलबजावणीतील अडचण मात्र निराळ्या स्वरूपाची आहे. मध्यम व अल्प उत्पन्नाच्या घरांत मुलाच्या हाती येणारा भ्रमणध्वनी बहुधा आई-वडिलांचा असतो आणि त्यावरील खातेही त्यांच्याच नावाचे व वयाचे असते. जेवताना मूल शांत बसावे म्हणून लावून दिलेल्या चित्रफितीच्या मध्ये येणारी जाहिरात, यंत्राच्या हिशेबी, पस्तीस वर्षांच्या स्त्रीस दाखविलेली असते.